मांडव, मुहूर्त आणि परीक्षा

मोहफुले वेचून झाली, उन्हे तापू लागली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत लग्नांचे दिवस सुरू होतात. नेमक्या याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा येतात आणि याच दिवसांत तेंदूपानाच्या फळ्या लागतात. मुलाची परीक्षा, बहिणीचे लग्न आणि वर्षातून एकदाच हाती येणारी रोख मजुरी, या तिन्ही गोष्टी एकाच घराच्या दारात एकाच महिन्यात उभ्या राहतात. त्यात माघार कोणी घ्यायची, हे बहुधा आधीच ठरलेले असते. लग्न पुढे ढकलता येत नाही, कारण मुहूर्त निघालेला असतो. मजुरी सोडता येत नाही, कारण उसनवारी फेडायची असते. म्हणून परीक्षा सोडली जाते. ती मुलीची असेल तर कायमची सोडली जाते.

कमी पैशांत आणि शिक्षण न मोडता लग्न कसे करावे, हा प्रश्न आपण घरगुती म्हणून बायाबापड्यांवर सोपवतो. वास्तविक या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो सनातन्यांशी, सावकारांशी आणि कोर्टकचेऱ्यांशी भांडून घडलेला इतिहास आहे, आणि त्यात चांद्याच्या भूमीचाही वाटा आहे. तो माहीत नसला की काटकसरीचे लग्न म्हणजे गरिबाची लाचारी वाटू लागते. माहीत झाला की तेच लग्न एका परंपरेचे पुढचे पाऊल ठरते.

१

प्रथम एक जुना आरोप बाजूला सारला पाहिजे. गरीब माणूस लग्नात उधळपट्टी करतो आणि म्हणून कर्जात बुडतो, हा तो आरोप. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हाही शहाण्यांनी हेच सांगितले. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनला मात्र वेगळे दिसले. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे त्या इंग्रज कमिशनलाही म्हणावे लागले. शेतसारा, पावसाची लहर, व्याजाचा चक्रीपणा आणि सावकाराच्या बाजूने झुकलेला कायदा ही कारणे कितीतरी मोठी होती.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात याच आरोपाचा समाचार घेतला. शेतकऱ्याच्या घरचे लग्न खरोखर कसे होते, त्यात काय रांधले जाते आणि काय नेसले जाते, हे त्यांनी तपशिलाने मांडले. ज्यांच्या पोटाला पुरत नाही त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका ठेवणाऱ्यांना त्यांनी उघडे पाडले.

हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण आजही गरिबाला काटकसर शिकवणाऱ्यांचा तोटा नाही. ‘खर्च कमी करा’ हे वाक्य सावकारही बोलतो आणि सत्यशोधकही बोलतो. सावकाराला त्यातून गरिबाचा दोष दाखवायचा असतो. सत्यशोधकाला, हा खर्च कोणाच्या घरात जातो, हे विचारायचे असते.

२

हा प्रश्न विचारण्यासाठीच २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही. वधूवरांनी एकमेकांशी वागण्याच्या प्रतिज्ञा घ्यायच्या, हार घालायचे, आणि आलेल्यांना पानसुपारी द्यायची. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर तो जवळजवळ काहीच नव्हता. परंतु खर्च वाचला तो भिक्षुकीला फाटा दिल्यामुळे. लग्न स्वस्तात उरकावे म्हणून भिक्षुक टाळला, असे झाले नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे.

भिक्षुकशाहीनेही तो क्रम बरोबर ओळखला. जुन्नरजवळच्या ओतूर गावी १८८४ साली भटाविना लग्ने लागली, तेव्हा जोश्यांनी आपला हक्क बुडाला म्हणून कोर्टाची पायरी चढली. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचले आणि १८९० साली सत्यशोधकांच्या बाजूने सुटले. पानसुपारीच्या लग्नाला एवढे घाबरावे लागले, यातच त्या लग्नाचे सामर्थ्य दिसते.

१८८९ च्या फेब्रुवारीत जोतीराव-सावित्रीबाईंनी आपला दत्तकपुत्र यशवंत याचे लग्न ग्यानोबा सासने यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी आणले, आणि घरकामात न अडकवता तिला वाचायला-लिहायला वेळ मिळेल अशी व्यवस्था केली. लग्न ठरले म्हणून मुलीचे पुस्तक बंद होते, हा आपल्याकडचा नियम. सावित्रीबाईंच्या घरी लग्न ठरले म्हणून पुस्तक उघडले गेले.

३

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत एका विद्यार्थ्याचे लग्न झाले. पोयबावाडीतील चाळीच्या एका खोलीत कुटुंब राहत होते. लग्नाला जागा कुठून आणणार? म्हणून भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री लग्न लावले. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. पहाटे बाजार भरण्याआधी जागा मोकळी करायची. वर होता एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी भीमराव आंबेडकर. वधू होती दापोलीजवळच्या वणंद गावची, नऊ-दहा वर्षांची रमा.

ही हकिगत भाषणांतून सांगितली जाते तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात. डोळे पुसून झाल्यावर मात्र तिचा अर्थही पाहिला पाहिजे. ती कमी खर्चाची होती, पण ती निवड नव्हती. ती अगतिकता होती. बालविवाहाची रूढी तिच्यात तशीच होती. आणि पुढे भीमराव १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले, त्या सगळ्या शिक्षणाची किंमत मुंबईच्या खोलीत रमाबाई चुकवीत राहिल्या. अर्धपोटी राहून, लेकरे गमावून त्यांनी ती चुकवली. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. नवऱ्याचे शिक्षण बायकोच्या देहावर उभे राहते, हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचून जाणले नव्हते.

म्हणूनच १९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषदेपुढे ते बोलले, ते ऐकीव उपदेशासारखे नाही. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. ती पेलण्याची ऐपत आल्याशिवाय मुलांवर ती लादू नका. आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, असा त्यांचा आशय होता. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी मागितली. हिंदू विवाह कायदा यायला अजून तेरा वर्षे होती. विदर्भाच्या मजूर बाया देशाच्या कायद्यापुढे चालत होत्या!

४

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, आणि १६ ऑक्टोबर १९५६ ला चांदा. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने चांद्यात धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि झाडीपट्टीच्या, जंगलपट्टीच्या गावागावांतून माणसे पायी, बैलबंडीने येऊन पोचली. बावीस प्रतिज्ञांनी देव गेले, श्राद्ध गेले, ब्राह्मणाच्या हातची क्रियाकर्मे गेली. मग पुढच्याच उन्हाळ्यात प्रश्न उभा राहणार होता: लग्ने लावायची कशी?

त्याचे उत्तर बाबासाहेबांनी महानिर्वाणापूर्वी दोन दिवस, ४ डिसेंबर १९५६ रोजी, कर्डक यांना लिहिलेल्या एका छोट्या पत्रात दिले. बौद्ध विवाहविधी साधा आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाटावर नवे मातीचे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवावे, त्यात सुताचा धागा सोडावा, त्याची दोन टोके दोघांनी धरावीत, कोणी तरी मंगलसुत्त म्हणावे, आणि दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. एवढेच. मडके कुंभाराचे, सूत बाजारातले, पाणी विहिरीचे. ज्या पाण्यासाठी महाडला रक्त सांडले, ते पाणी या विधीत मधोमध आहे. आणि धाग्याची टोके दोघांच्या हाती आहेत. एकाने दुसऱ्याला कोणी दान दिलेले नाही.

या विधीने पैसा वाचवला हे सर्वांना दिसते. त्याने वेळही परत मिळवून दिला, याची चर्चा फारशी होत नाही. पंचांग गेले म्हणजे कोणताही दिवस चालतो. परीक्षेनंतरचा रविवार चालतो, दिवाळीची सुट्टी चालते, तेंदूची फळी उठल्यानंतरचा आठवडा चालतो. शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मुहूर्ताचा नाश ही केवढी सोय होती! तरीही आज आपल्याच पत्रिकांवर लग्नाच्या वेळा मिनिटांनिशी छापलेल्या दिसतात. मुहूर्त डोक्यातून गेला, पण मंगल कार्यालयाच्या दरपत्रकातून परत आला. मुहूर्ताच्या दिवशीचे दुप्पट भाडे आपण भरतो, तो न मानताही भरतो.

कायद्याचीही अडचण नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे आणि त्याच्या सातव्या कलमानुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लागलेले लग्न मान्य होते. १९५४ चा विशेष विवाह कायदा तर कोणताही विधी मागत नाही. स्वतः बाबासाहेबांनी १९४८ साली दुसरा विवाह नोंदणी पद्धतीने केला होता. मुलीचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा केले होते, ते १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले. पण अठराव्या वर्षी मुलगी बारावीच ओलांडत असते. कायद्याचे वय गाठले म्हणजे शिक्षण पुरे झाले, असे समजणे ही नव्या काळातली जुनी चाल आहे.

५

आपल्या शेजारी गोंड आणि माडिया समाज शतकानुशतके राहत आला आहे. तिथे हुंडा नव्हता. मुलीच्या घरातून कामाचे दोन हात जातात म्हणून वराकडून मूल्य देण्याची रीत होती. ज्याची ऐपत नाही तो लमसेना होऊन सासऱ्याच्या घरी राबून ते फेडी. पैसा नसलेल्याला लग्नाचा मार्ग मोकळा ठेवणारी ही रीत होती, हे मान्य केले पाहिजे. मुलीचे मोल तिच्या श्रमावरून ठरते, हा तिचा दोषही झाकू नये. मांडव मात्र गावाचा असे. बल्ल्या, बांबू, मोहा-जांभळाच्या डहाळ्या जंगलातून येत. जंगल ‘राखीव’ झाले आणि लग्नाच्या मांडवालाही गार्डाची मर्जी लागू लागली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा बांबूबरोबर हा मांडवही काही अंशी परत आला, असे म्हणायला हरकत नाही. लग्न महाग होण्याचे एक कारण हेही आहे: जे गाव आणि जंगल फुकट देत होते, ते आता बिछायतवाल्याकडून भाड्याने आणावे लागते.

६

एवढा वारसा असताना खर्च पुन्हा का वाढला? याचे एक उत्तर कटू आहे आणि एक समजून घेण्यासारखे आहे.

समजून घेण्यासारखे आधी सांगतो. आपल्या बापजाद्यांना घोड्यावर बसण्याची, वाजंत्री लावून गावातून जाण्याची मुभा नव्हती. ९ मे १९८० रोजी अल्मोडा जिल्ह्यातील कफल्टा गावी देवळासमोर नवरदेव पालखीतून उतरला नाही, एवढ्यासाठी वरातीतल्या चौदा दलितांना ठार मारण्यात आले. अशा देशात दलिताच्या दारात बँड वाजतो, तेव्हा ती निव्वळ चैन नसते. नाकारलेल्या गोष्टीची ती वसुली असते. म्हणून त्या बँडला हसण्याचा अधिकार सवर्ण सुधारकाला नाही. आपल्याला मात्र आपसांत विचारता येईल: वसुली झाली, पण ती सावकाराच्या किंवा बचत गटाच्या कर्जातून झाली, तर वसूल कोणाकडून झाले?

कटू उत्तर असे की ज्या शिक्षणाने आपण माणूस झालो, त्याच शिक्षणाचा आपण बाजारभाव केला. कोळसा खाणीत, वीज केंद्रात, शाळेत, पोलिसात नोकरी लागलेल्या मुलाचा साक्षगंधात दर ठरतो. त्याला हुंडा म्हणत नाहीत. आंदण म्हणतात, गाडी म्हणतात, ‘तुमच्या मुलीसाठीच’ म्हणतात. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे, आणि आपले पदवीधर तो पाठ करून स्पर्धा परीक्षा देतात. मुलाची पदवी घराची मिळकत आणि मुलीची पदवी घराचा खर्च, असा हा हिशेब आहे. शासनही यात मागे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसह इतर दुर्बलांच्या सामूहिक विवाहांना साहाय्य करणाऱ्या राज्याच्या योजनेचे नाव ‘कन्यादान’ आहे! मदत जरूर घ्यावी, ती आपल्या हक्काची आहे. पण ज्या धागा-मडक्याच्या विधीत दान नाही, त्याच्या अनुयायांनी या नावाला एकदाही हरकत घेऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

७

मग करायचे काय? गावोगावच्या विहारांनी आणि विद्यार्थी मंडळांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. लग्नाची तारीख दोन्ही घरच्या शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षा पाहून धरावी, आणि त्यात मुलीची परीक्षा आधी पाहावी. विहाराचे अंगण हाच मांडव असावा. खर्च दोन्ही पक्षांनी निम्मानिम्मा करावा आणि तो उघड सांगावा; झाकलेल्या हिशेबातच हुंडा लपतो. एक साधी पंगत असावी. आहेराच्या भांड्यांऐवजी जोडप्याच्या पुढच्या शिक्षणाची फी जमा करावी. लग्नाची नोंद त्याच आठवड्यात करावी, कारण नोंद नसलेल्या लग्नाचा फटका उद्या बाईलाच बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सुरुवात गरिबाच्या घरून मागू नये. गुरुजींनी, बाबूंनी, पुढाऱ्यांनी आधी आपल्या मुलांची लग्ने अशी लावावीत. ज्याला मोठे लग्न परवडते त्याने साधे लग्न केले, तरच ज्याला परवडत नाही त्याच्या साध्या लग्नाची लाज जाते.

पुण्यात १८७३ साली पानसुपारीवर लग्न लावणाऱ्यांना त्यांच्या काळाने वेडे म्हटले. चांद्यात १९५६ साली दीक्षा घेऊन परतलेल्या मजुरांनी मुहूर्ताविना लेकींची लग्ने लावली, तेव्हा त्यांच्या गाठीला पैसा नव्हता, पण कोणाचे देणेही नव्हते. त्यांच्या नातवंडांजवळ पदव्या आहेत. त्या पदवीची किंमत साक्षगंधात सांगायची, की ती मिळवायला मुलीलाही वेळ द्यायचा, याचा निर्णय येत्या उन्हाळ्यात घराघरांत व्हायचा आहे.