बँकेच्या नावाने मेसेज आला? आधी पाठवणाऱ्याचं नाव बघा, मग पुढचं

गिरीज (ता. वसई) : ‘प्रिय ग्राहक, तुमचे खाते आज रात्री बंद होणार आहे. पॅन कार्ड अपडेट करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा.’ असा मेसेज एकदाही आलेला नाही असा मोबाईल आता गावात शोधावाच लागेल. हे मेसेज बहुतेक वेळा स्टेट बँक किंवा एखाद्या मोठ्या खासगी बँकेच्या नावाने येतात. ज्याचं खातं बॅसीन कॅथॉलिक किंवा वसई विकास बँकेत आहे, तो मेसेज पुसून मोकळा होतो. पण ज्याचं खातं नेमकं त्या मोठ्या बँकेत असतं, त्याला वाटतं, बँकेने आपल्यालाच कळवलंय. प्रत्यक्षात पाठवणाऱ्याला तुमचं खातं कुठे आहे हे बहुधा माहीतही नसतं. हजारो नंबरांवर एकच मेसेज सोडायचा, कुणाला ना कुणाला तो लागू पडतोच.

मार्च 2023 मध्ये मुंबईत हेच झालं. एकाच खासगी बँकेच्या किमान 40 ग्राहकांचे लाखो रुपये तीन दिवसांत गेले. सगळ्यांना केवायसी आणि पॅन अपडेट करा असा मेसेज आला होता. फसलेल्यांत एक नावाजलेली चित्रपट अभिनेत्रीही होती. त्यामुळे फक्त अडाणी माणूस फसतो, हा समज सोडून द्यावा.

केवायसी खरंच बाकी असू शकते, लोक घाबरतात ते त्यामुळेच. पण खातं असं एका रात्रीत बंद होत नाही. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये नियम बदलून सांगितलं, की केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेने ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचं, आणि त्यातली एक सूचना पत्राने द्यायची. म्हणून मेसेजमध्ये ‘आज रात्री’, ‘24 तासांत’ अशी घाई दिसली की तिथेच थांबावं. शंका असेल तर पासबुक घेऊन शाखेत जावं.

आता नावाचं. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. तो नोंदणी केलेल्या अक्षरी नावाने येतो. मे 2025 पासून ट्रायच्या नियमानुसार या नावाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा मेसेज, ‘एस’ म्हणजे सेवेचा, ‘पी’ म्हणजे जाहिरातीचा आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. साध्या नंबरवरून ‘बँके’चा मेसेज आला तर तो खोटाच समजावा. मात्र नाव बरोबर दिसलं म्हणून डोळे मिटून लिंक दाबायची असंही नाही, कारण नोंदणीकृत नावांचाही गैरवापर झालेला आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपला ही अक्षरं लागू नाहीत. तिथे बँकेचा लोगो कुणीही लावू शकतो.

नुसता मेसेज वाचल्याने पैसे जात नाहीत. ते जातात पुढच्या पायरीला. एक तर लिंक उघडून बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर पासवर्ड आणि ओटीपी भरला जातो, नाहीतर मेसेजमधल्या नंबरवर फोन केला जातो आणि समोरचा ‘साहेब’ गोड बोलून सगळं काढून घेतो. तिसरा प्रकार जास्त वाईट. लिंकवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके फाईल येते, ती टाकली की अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. परवानगी दिली की ओटीपी तेच वाचतं. ‘मी तर ओटीपी कुणालाच सांगितला नाही’ म्हणणाऱ्यांचे पैसे जातात ते असे.

बँकांच्या वेबसाईटसाठी आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट रिझर्व्ह बँकेने ठरवून दिला आहे आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत होती. तरी मेसेजमधली लिंक दाबूच नये, पत्ता स्वतः टाईप करावा. फोन नंबर एटीएम कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्यावा. गुगलवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा ठगाचाच निघतो.

गिरीज, गास, निर्मळ पट्ट्यातल्या भाजी-फुलं विकणाऱ्यांनी आणखी एक प्रकार ओळखून ठेवावा. ‘तुमच्या खात्यात 10,000 रुपये जमा’ असा मेसेज येतो आणि लगेच फोन, ‘ताई, चुकून जास्त गेले, परत पाठवा ना.’ जमा काहीच झालेलं नसतं. मेसेज त्या माणसानेच टाईप केलेला असतो. खात्यातली शिल्लक स्वतः बघितल्याशिवाय एक रुपयाही परत करू नये. तो रडला तरी नाही.

पैसे गेलेच तर लाज धरून बसू नये, घरात सांगायलाच दोन दिवस गेले तर पैसे तोवर चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. ताबडतोब 1930 वर फोन करावा. रक्कम, वेळ, खाते क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. पैसे पुढच्या खात्यात अडकले असतील तर ते गोठवता येतात. एपीके टाकली असेल तर आधी त्या मोबाईलचं इंटरनेट बंद करावं आणि फोन दुसऱ्या मोबाईलवरून करावा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. वसई तालुका मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो, पालघर, डहाणू, वाड्याकडे जिल्हा पोलीस. पण हद्द शोधत फिरायची गरज नाही, जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकांनुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. सहकारी बँकांसाठी वेगळं परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. ओटीपी स्वतः दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती 14448 वर मिळते.