दात्रकोशिका पांडुरोग : चंद्रपूर–गडचिरोली परिसरातील संशोधन

दात्रकोशिका पांडुरोग हा रक्तातील तांबड्या कोशिकांचा आनुवंशिक रोग असून तो सामान्यतः ‘सिकलसेल’ या नावाने ओळखला जातो. या रोगात ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या कोशिकांना दात्रासारखा म्हणजे विळ्यासारखा आकार येतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे चंद्रपूर व गडचिरोली हे वनव्याप्त जिल्हे या रोगाचे राज्यातील एक प्रमुख क्षेत्र होय. विदर्भातील या रोगाची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १९५८ मध्येच झाली. तथापि नोंदीपासून उपचारापर्यंतचे अंतर कापण्यास अर्धशतक लागले. येथील संशोधनाचा इतिहास हा मुख्यतः या अंतराचा इतिहास आहे.

रोगाचे स्वरूप : हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने हा रोग उद्‌भवतो. एवढ्या एका फरकामुळे ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात व कोशिका वाकते. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते, तर दात्रकोशिका बहुधा १० ते २० दिवसांतच नाश पावते; त्यामुळे पांडुरोग व कावीळ होते. वाकलेल्या कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्याने हाडे, सांधे व पोट यांत तीव्र वेदना होतात. प्लीहेचे कार्य मंदावून बालकांना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ज्यास सदोष जीन आईबापांपैकी एकाकडूनच मिळतो तो ‘वाहक’ होय. वाहकास सहसा त्रास होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रोगी असण्याची शक्यता एक-चतुर्थांश, वाहक असण्याची एक-द्वितीयांश व पूर्णतः निर्दोष असण्याची एक-चतुर्थांश असते.

प्रारंभीचे संशोधन : विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याचे हीमोग्लोबिन विद्युत् संचारणात निराळे वागते, असे दाखवून यास ‘रेणवीय रोग’ म्हटले. ॲमिनो अम्लातील नेमका फरक व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढला. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून असे प्रतिपादन केले की, वाहकांना घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा जीन पिढ्यानुपिढ्या टिकून राहतो. राज्यात हिवतापाचा सर्वाधिक प्रादुर्भाव असणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीची गणना दीर्घकाळ होत आली आहे. हे ध्यानी घेता येथील वाहकांच्या मोठ्या प्रमाणाचा उलगडा होतो.

भारतातील शोध : भारतात हा जीन असल्याचे हर्मन लेमान व मेरी कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतील जमातींच्या रक्ततपासणीवरून दाखविले. त्याच वर्षी व्ही. आर. खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था सुरू झाली. कर्करोगाचे प्रमाण निरनिराळ्या समाजांत निरनिराळे का, हा प्रश्न संस्थेपुढे असल्याने तेथे लोकसमूहांतील आनुवंशिक भेदांचाही अभ्यास होऊ लागला. तेथील पी. के. सुकुमारन, एल. डी. संघवी व जी. एन. व्यास यांनी १९५६ मध्ये पश्चिम भारतातील काही आदिवासी जमातींत दात्रकोशिका लक्षण आढळल्याचे प्रसिद्ध केले. नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारताविषयीचा निबंध १९५८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. हा जीन आदिवासींपुरता मर्यादित नसून विदर्भातील इतर समाजांतही आहे, हे नागपूरच्या संशोधनातून पुढे आले. ‘आदिवासींचा रोग’ हा समज त्यामुळे तेव्हाच निराधार ठरला होता. व्यवहारात मात्र तो दीर्घकाळ टिकला.

पुढील तीन दशके सर्वेक्षणांची होत. मुंबईच्या प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने देशातील जमातींच्या रक्तगटांची व हीमोग्लोबिनांची माहिती संकलित केली. पुण्याचे सुदाम काटे यांनी राज्याच्या दुर्गम भागांत तपासण्या केल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या समाजांत या जीनाचा आढळ २० ते ३५ टक्के असून, ज्या जिल्ह्यांत रोग्यांची संख्या पाच हजारांहून अधिक असावी असा अंदाज आहे, त्यांत गडचिरोली व चंद्रपूर यांचा समावेश होतो.

गडचिरोलीतील अनुभव : चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. अभय बंग व राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ या संस्थेचे कार्य सुरू केले. त्यांच्या आरंभीच्या संशोधनात या रोगाची पाहणी होती व जिल्ह्यात रोगाचा प्रसार मोठा असल्याचे तीतून दिसून आले. परंतु ग्रामस्थांना या शोधाचे विशेष महत्त्व वाटले नाही, असे अभय बंग यांनी पुढे नमूद केले आहे. संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून ठरावा, हे तत्त्व संस्थेने त्यानंतर अंगीकारले. वसा व अमिर्झा या गावांतील स्त्रियांच्या विकारांवरील १९८९ चा निबंध आणि नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेवरील १९९९ चा निबंध ही त्या मार्गाची फलिते होत. ग्रामस्थांची उदासीनता अज्ञानातून आली असे म्हणता येत नाही. रक्त घेणारा रोगाचे नाव सांगे, परंतु त्यापुढे देण्याजोगे त्याच्यापाशी फारसे काही नसे.

उपचारांची प्रगती : नेमक्या याच काळात परिस्थिती पालटू लागली. १९८४ मध्ये अमेरिकेत श्वेतकोशिकार्बुदासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) अस्थिमज्जारोपण केलेल्या एका मुलीचा दात्रकोशिका रोगही बरा झाल्याचे प्रसिद्ध झाले. बालपणी नियमित पेनिसिलीन दिल्यास घातक जंतुसंसर्ग टळतो, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. हायड्रॉक्सियूरिया हे श्वेतकोशिकार्बुदावरील जुने औषध गर्भकालीन हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढविते. त्यामुळे प्रौढ रोग्यांतील वेदनांचे प्रसंग सु. ४४ टक्क्यांनी घटतात, असे १९९५ मधील चाचणीत आढळले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले की, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दररोज १० मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही तीव्र रोग असलेल्या बालकांस गुणकारी ठरते. मात्रा अल्प व स्थिर असल्याने खर्च कमी होतो. वारंवार रक्ततपासणी जेथे दुष्कर आहे अशा वनप्रदेशाच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. जीन-संपादनावर आधारलेल्या उपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च प्रचंड आहे.

सद्यःस्थिती : हीमोग्लोबिन-विकारांचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण यांसाठी चंद्रपूर येथे उभारलेले केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय दात्रकोशिका निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे असून, तपासलेल्या व्यक्तींना आनुवंशिक स्थिती दर्शविणारी कार्डे देण्यात येतात. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी कार्डे पडताळून पाहावीत, ही कल्पना यामागे आहे. मात्र वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे स्पष्ट न केल्यास अशा कार्डामुळे मुलीचा विवाह अडतो किंवा रोगी अपत्याचा दोष एकट्या मातेस दिला जातो. वास्तविक रोगी अपत्यास दोन्हीकडून जीन मिळालेला असतो. म्हणून तपासणीबरोबर समुपदेशन आवश्यक ठरते. रोगी आढळलेल्या बालकास पेनिसिलीन, लसी व हायड्रॉक्सियूरिया गावाजवळच्या आरोग्य केंद्रात अखंड मिळत राहणे त्याहूनही आवश्यक होय. एखाद्या गावात किती वाहक सापडले, या आकड्याचे मोल तेथील किती बालके प्रौढ वयास पोहोचली यावरूनच ठरेल.