फलंदाजांची तुलना, भिन्न कालखंडांतील

भिन्न कालखंडांत खेळलेल्या क्रिकेट फलंदाजांच्या श्रेष्ठतेचे सापेक्ष मूल्यमापन. क्रिकेटमध्ये धावांच्या नोंदी दीर्घकाळ व काटेकोरपणे ठेवल्या गेल्यामुळे हे काम केवळ आकड्यांवरून करता येईल, असा समज होतो. प्रत्यक्षात खेळपट्टी, नियम, साधने व प्रतिस्पर्धी ही सर्वच अंगे पिढीगणिक बदलत गेली असून, समान सरासरीचा अर्थ दोन कालखंडांत समान राहत नाही.

डब्ल्यू. जी. ग्रेस (१८४८–१९१५) याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची कसोटी सामन्यांतील सरासरी ३२.२९ असून ती आज सामान्य वाटेल. परंतु १८८० मध्ये तो पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याचे उमेदीचे दशक उलटून गेले होते. १८७१ च्या मोसमात त्याने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७८.२५ च्या सरासरीने २,७३९ धावा व १० शतके काढली. त्या काळच्या खेळपट्ट्या खडबडीत व धोकादायक असत. १८७० मध्ये लॉर्ड्‌स मैदानावर चेंडू डोक्यास लागून जॉर्ज समर्स या फलंदाजाचा मृत्यू ओढवला होता. ग्रेस त्या सामन्यातील एक खेळाडू होता. अशा खेळपट्ट्यांवर मिळविलेल्या धावांना साधी सरासरी न्याय देऊ शकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या फलंदाजांबाबतही हेच म्हणता येईल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रंपरची कसोटी सरासरी ३९.०४ एवढीच आहे. तथापि १९०२ च्या इंग्लंडमधील पावसाळी मोसमात, खेळपट्ट्या वारंवार भिजत असताना, त्याने २,५७० धावा व ११ शतके केली. रणजितसिंहजींच्या लेग ग्लान्सने फलंदाजीच्या तंत्रात भर पडली. तिचे मोल धावसंख्येवरून ठरत नाही. पुढे नियमही पालटले. यष्टींच्या उजव्या बाजूस टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत देण्याची सुधारणा १९३० नंतरच्या दशकात झाली आणि पायाने चेंडू अडविण्याची सोय कमी झाली. शतकाच्या उत्तरार्धात खेळपट्ट्या झाकण्याची प्रथा रूढ होऊन पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर खेळण्याचे कौशल्य जवळजवळ लोपले.

सर डॉनल्ड ब्रॅडमन (१९०८–२००१) याच्यापाशी ही चर्चा नेहमीच येऊन ठेपते. ५२ कसोटी सामन्यांत त्याने ९९.९४ च्या सरासरीने ६,९९६ धावा केल्या. १९४८ मध्ये ओव्हल मैदानावरील अखेरच्या डावात चार धावा झाल्या असत्या, तर सरासरी शंभर भरली असती. तो शून्यावर त्रिफळाचीत झाला. त्याच्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. तो केवळ ऑस्ट्रेलिया व इंग्लंड या दोनच देशांत कसोटी सामने खेळला. १९४७-४८ च्या नवख्या भारतीय संघाविरुद्ध त्याची सरासरी १७८.७५ होती, तर इंग्लंडविरुद्ध ती एकंदरीत ८९.७८ आहे. वेस्ट इंडीजचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ओल्या खेळपट्ट्यांवर ब्रॅडमनची सरासरी १६.६६, तर जॉर्ज हेडलीची ३९.८५ असल्याचे दाखविले. असे असले, तरी त्या काळी धावा काढणे सोपे होते, हा आक्षेप मात्र टिकत नाही. कारण त्याच खेळपट्ट्यांवर व त्याच पिढीत हॅमंड ५८.४५, सट्‌क्लिफ ६०.७३ व हेडली ६०.८३ या सरासरीपर्यंतच पोहोचले. १९३२-३३ मध्ये त्याला रोखण्यासाठीच योजलेल्या ‘बॉडीलाइन’ गोलंदाजीपुढेही त्याने ५६.५७ ही सरासरी राखली. हे त्याचे अपयश मानले गेले, यातच सर्व काही आले.

समकालीनांशी तुलना हीच कसोटी अधिक विश्वसनीय ठरते. मात्र तीही निर्दोष नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीव्हन जे गूल्ड याने बेसबॉलच्या आकड्यांवरून दाखविल्याप्रमाणे, खेळाचा सर्वसाधारण दर्जा उंचावला की उत्तम व मध्यम खेळाडूंतील अंतर आक्रसते. म्हणजे उत्तरकालीन फलंदाजास इतरांहून फार पुढे जाणे मुळातच अवघड होते.

भारतीय फलंदाजांच्या बाबतीत संधीचा प्रश्न अधिक तीव्र आहे. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनच्या खालोखाल आहे. पण १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही आणि मर्चंट यांच्या वाट्यास एकूण दहाच सामने आले. मुंबईच्या निर्जीव खेळपट्ट्यांमुळे त्यांची सरासरी फुगली, असे म्हटले जाते. त्याच मुंबईत १९४३ च्या पंचरंगी सामन्यात विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने केल्या, म्हणजे उरलेल्या सर्वांना ती खेळपट्टी तितकीशी निर्जीव वाटली नसावी.

सुनील गावसकर यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध शिरस्त्राण न घालता १३ शतके केली, या विधानाचाही बारकाईने विचार करावयास हवा. त्यांपैकी चार १९७१ मध्ये, चौकडीच्या द्रुतगती माऱ्याचा उदय होण्यापूर्वी, व चार १९७८-७९ मध्ये, पॅकर मालिकेमुळे प्रमुख गोलंदाज अनुपस्थित असताना झाली. १९८३ मधील दिल्लीचे व मद्रासचे (नाबाद २३६) शतक मात्र मार्शल व होल्डिंग यांच्याविरुद्ध होते. सचिन तेंडुलकर यांच्या १५,९२१ कसोटी धावा शिरस्त्राण व झाकलेल्या खेळपट्ट्यांच्या युगातील आहेत. परंतु त्यांना एकदिवसीय सामन्यांचा अखंड ताण सोसून नऊ देशांत जाऊन खेळावे लागले, जे ब्रॅडमनला करावे लागले नाही.

काही नावे या तुलनेत येतच नाहीत. वर्णभेदावरील बहिष्कारामुळे दक्षिण आफ्रिकेच्या बॅरी रिचर्ड्‌सची कसोटी कारकीर्द १९७० मध्ये चार सामन्यांत संपली. १९२३ च्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नेतृत्व करणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेले पी. विठ्ठल हे भारताचा पहिला कसोटी सामना (१९३२) होण्यापूर्वीच निवृत्त झाले होते. कसोटी नोंदींत त्यांची एकही धाव नाही.