बुडालेल्या बेटाचं भांडण

नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळ आलं आणि त्यानंतर भारत-बांगलादेश सीमेवर, हरियाभंगा नदीच्या मुखाशी, वाळूचं एक बेट वर आलं. उंची जेमतेम दोन मीटर, वस्ती शून्य. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये आपण तिथे तिरंगाही रोवला!

एवढ्याशा वाळूसाठी कशाला भांडायचं? पण भांडण वाळूचं नव्हतंच. बेट ज्याचं, त्याला सागरी हद्द आपल्या बाजूने ओढता येणार. म्हणजे मासे आले, तळाखालचा गॅसही आला.

२०१० पर्यंत समुद्राने बेटच गिळलं. वाद मात्र तरंगत राहिला! शेवटी २०१४ मध्ये हेगच्या लवादाने वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. बेटाची जागा आपल्याकडे राहिली. तिथे आता नुसतं पाणी आहे.