शर्यतीच्या घोड्यांचे पुनर्वसन

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना नवा मालक, नवे काम किंवा कायमचा निवारा मिळवून देण्याची व्यवस्था. थरोब्रेड घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. त्याची कारकीर्द मात्र बहुधा दहा वर्षांच्या आतच आटोपते. मोजके घोडे पैदाशीसाठी राखले जातात. तेही सुरक्षित असतातच असे नाही. १९८६ची केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनंड जपानला विकला गेला आणि मागणी घटल्यावर २००२च्या सुमारास कत्तलखान्यात पोचला. ही बातमी फुटल्यावर अमेरिकेत या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. 

नव्या घरी पाठवण्याआधी घोड्याला काही महिने मोकळ्या कुरणात विश्रांती देतात आणि चंदी कमी करून गवतावर आणतात. खरी कसोटी पुढे असते. जॉकीने लगाम घट्ट धरला की त्यावर भार टाकून धावायचे, ही सवय अंगी भिनलेली असल्याने नवख्या स्वाराने थांबवायला लगाम ओढला की घोडा अधिकच उधळतो. चालत्या घोड्यावर जॉकीला उचलून बसवण्याची रीत असल्याने स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणेही त्याला शिकवावे लागते. पायाच्या जुन्या दुखापतींवरून पुढचे काम ठरते.

न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल तुरुंगात १९८४ पासून कैदी अशा घोड्यांची निगा राखतात. ब्रिटनमध्ये २००० पासून ‘रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था काम करते. भारतात अनेक निवृत्त घोडे रायडिंग क्लबांकडे जातात.