पुतळ्यांच्या माळेचा इतिहास

जुन्या सुवर्णनाण्यांचा संग्रह म्हटला की वस्तुसंग्रहालयातील काचेची कपाटे, नाही तर एखादे हौशी धनिक गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु महाराष्ट्रात सोन्याची नाणी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांत बायकांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे संग्रहालय म्हणजे गळ्यातील पुतळ्यांची माळ.

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागाची नाण्यांशी ओळख फार जुनी आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाणेघाटातील लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला असून गाई, घोडे, हत्ती यांबरोबर हजारो कार्षापणही त्यात मोजलेले आहेत. पुढे 1657 साली शिवाजीमहाराजांनी रात्री दोराच्या शिड्यांवरून मोगलांच्या जुन्नर शहरात प्रवेश करून 3 लक्ष होन व 200 घोडे नेले. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी स्वतःचा होन पाडला. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. वजन सुमारे पाव तोळा. हे होन आज फारच थोडे उरले आहेत. राज्य बदलले की जुने सोने मुशीत जावयाचे आणि नव्या नावाने बाहेर पडावयाचे, हा जगाचा रिवाजच आहे.

पुतळी मात्र दूरदेशची. इटलीतील व्हेनिस शहराने 1284 साली हे ‘डुकाट’ नाणे काढले व ते राज्य 1797 साली बुडेपर्यंत चालू ठेवले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. पाचशे वर्षांत राज्यकर्त्याचे नाव तेवढे बदलले. छाप व कस बदलला नाही. म्हणूनच मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात तांबड्या समुद्राच्या वाटेने आलेल्या या नाण्यावर आपल्याकडील सराफांचाही विश्वास बसला. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकलेल्या राज्यकर्त्याच्या हाती निशाण देत आहे. आपल्या लोकांना त्यात दोन पुतळ्या दिसल्या. कोणी त्यांना रामसीताही मानले. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू ख्रिस्त उभा आहे. मौज अशी की, ही माळ घालून सत्यनारायणाच्या पूजेस बसताना आपल्या आज्यांना काही वावगे वाटले नाही! मागणी वाढली तशा आपल्या सोनारांनीही पुतळ्या घडविल्या. त्यांवरील रोमन अक्षरे पुष्कळदा नुसत्या रेघोट्या झालेली असतात.

या नाण्यांच्या मालकीचा कागद सहसा नसतो. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ती जातात. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणासाठी दोन पुतळ्या दोऱ्यातून काढल्या जातात आणि माळ आखूड होते. तेव्हा माळेची लांबी हीदेखील घराण्याची एक बखरच होय. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. घराच्या भिंती आणि शेताचे बांध कोणाला उचलून नेता येत नाहीत. अंगावरचे स्त्रीधन तेवढे माणसाबरोबर चालू शकते.

म्हणून भगिनींना एकच विनंती. नव्या घडणीसाठी माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळीचे वजन करा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या, आणि तिला घासूनपुसून चकचकीत करू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणच्या जाणकारांना दाखवा. वारशाची माळ निराळी आणि जमिनीत सापडलेले धन निराळे, हेही ध्यानी असू द्या. 1878 च्या कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.

येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने एक वही आणावी आणि माळ कोणाकडून कोणाकडे आली ती नावे लिहावीत. वंशावळीत बायकांची नावे क्वचितच सापडतात. या वहीत ती पहिल्या ओळीपासून असतील.