तुमच्या फोनची चिप आणि एक म्हातारी ओएस

तुमच्या हातातल्या फोनमध्ये बहुतेक एआरएम चिप आहे. तिचं माहेर इंग्लंडमधलं केंब्रिज, एकॉर्न नावाची कंपनी. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती डिझाइन केली. १९८७ मध्ये ती 'आर्किमिडीज' या डेस्कटॉपमध्ये आली आणि १९८९ मध्ये त्यावर 'रिस्क ओएस' आली.

एकॉर्न केव्हाच संपली. ओएस मात्र हौशी लोकांनी जिवंत ठेवली, २०१८ मध्ये ती ओपन सोर्सही झाली. मग अडचण काय?

तिचा बराच भाग थेट ३२ बिट एआरएम असेंब्लीत लिहिलाय. म्हणूनच ती इतकी चपळ. पण चिप आता ६४ बिटकडे निघाल्यात. रास्पबेरी पाय ४ वर ती चालते. पाय ५ ची चिप मात्र ३२ बिट कोड फक्त अ‍ॅप्सपुरता चालवते, ओएसचा नाही. सी भाषेतला कोड थोड्या डागडुजीने पुन्हा कंपाइल होतो. असेंब्ली नव्याने हाताने लिहावी लागते, आणि लिहिणारे मोजकेच.

एम्युलेटरवर ती टिकेल, पण दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून. मी रोज कोड लिहितो, म्हणून हे टोचतं. कोड खुला केला म्हणजे वाचला असं नाही. तो पुढे नेणारं कुणीतरी लागतं.